नारळाचं दूध, मसाला आणि रम : एका पेल्याची कारणमीमांसा



नांदेडला बोलायला उभं राहिलं की आम्हाला घरी आल्यासारखं वाटतं. आमचं मूळ गाव बिलोली तालुक्यातलं. नोकरी लातुरात झाली, निवृत्तीही लातुरातच. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आज विषय घेतलाय एका पेयाचा. तोही रमच्या. संयोजकांनी फोनवर दोनदा विचारलं, "सर, विषय नक्की हाच ना?" हाच.

आमची लेक न्यू जर्सीत असते. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत ती घरी आली. सोबत आमचा नातू. त्याला दूध पचत नाही. पेलाभर दूध घेतलं की पोट धरून बसतो. तिच्या शेजारी पोर्तो रिको बेटावरचं एक कुटुंब राहतं. त्यांच्याकडे नाताळात 'कोकितो' नावाचं पेय करतात. कोकितो म्हणजे छोटा नारळ. त्यात नारळाचं दूध, साखर, दालचिनी, जायफळ आणि रम असते, शिवाय डब्यातलं आटवलेलं गाईचं दूध. लेकीनं त्यातलं गाईचं दूध काढून टाकलं आणि लातूरच्या स्वयंपाकघरात ते करायचा बेत मांडला. मोठ्यांसाठी रम घालून, लेकरासाठी बिनरमचं.

आमच्या सौभाग्यवतींनी ओट्यावरची बाटली पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, ज्या घरातल्या माणसानं शिंदीची झाडं तोडली, त्या घरात ही?"

या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी आम्हाला देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर समजा.

कृती आणि तिच्यात नसलेलं

आधी कृती सांगतो, कारण ती मागितल्याशिवाय तुम्ही आम्हाला सोडणार नाही. दोन मध्यम नारळ खवून घ्या. दोन वाट्या कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवा आणि पातळ फडक्यातून घट्ट पिळा. हे पहिलं दूध. त्याच चोथ्यात वाटीभर पाणी घालून पुन्हा फिरवा, ते दुसरं. दोन्ही मिळून पाऊण लिटरच्या आसपास होतं. दुसऱ्या दुधात दोन इंच दालचिनी, चार लवंगा, चार वेलदोडे ठेचून घाला, दीडशे ग्रॅम साखर घाला आणि मंद आचेवर गरम करा. उकळी फुटू देऊ नका. नारळाचं दूध फाटतं. गूळ घालायचा असेल तर तो वेगळा विरघळवून, गाळून, गार करून शेवटी घाला, नाहीतर गुळानंही दूध फाटायची भीती असते. आटवलेल्या दुधाचा दाटपणा हवा तर सात-आठ काजू भिजवून त्यांची पेस्ट करा. सगळं गाळून गार झालं की पहिलं दूध मिसळा, वरून जायफळ किसा. लेकराचा वाटा इथंच बाजूला काढा. उरलेल्यात थोडी थोडी करत एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली रम घाला. फ्रीजमध्ये ठेवलं की वर साय धरल्यासारखा थर येतो. ते खराब झालेलं नसतं. नारळातलं तेल गारठतं एवढंच. पिण्याआधी हलवून घ्या. ताज्या नारळाचं असल्यानं दोन दिवसांत संपवा.

आणि कायद्याचंही सांगून टाकतो. आपल्या राज्यात पंचवीस वर्षांखालच्याला रम देता येत नाही, पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे. मिसळणं आणि गाळणं यांत फरक आहे, तो ध्यानात ठेवा.

झाली कृती. आता शिक्षकाची सवय. आपल्या दर्शनांमध्ये कारणाचे प्रकार सांगितलेत. घडा घडवायचा तर माती लागते. ती उपादान कारण. आणि कुंभार लागतो; तो निमित्त कारण. माती घड्यात राहते, घडा फोडला तरी दिसते. कुंभार घड्यात राहत नाही. घडा बघून कुंभाराचा चेहरा सांगता येत नाही.

जगातली कुठलीही पाककृती उघडून बघा. त्यात उपादान असतं, निमित्त नसतं. नारळ दोन, साखर दीडशे ग्रॅम, रम एक क्वार्टर. नारळ कोणी वाहून नेला, ऊस कोणी तोडला, हे त्या यादीत येत नाही. ते शोधायचं काम इतिहासाचं.

परकं काय आहे यात?

पहिला आक्षेप नेहमीचा असतो, की हे आपलं नव्हे, तिकडचं फॅड आहे. तपासू या.

आपल्याकडे पाच जिनसांचं एक पवित्र मिश्रण आहे, पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर. पाचातले तीन जिन्नस गाईम्हशीचे. आणि पाच जिनसांचं दुसरं एक मिश्रण याच किनाऱ्यांवर प्रसिद्ध झालं, ज्याला सगळं जग 'पंच' म्हणतं. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. त्यात दुधाचा थेंब नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या १६३२ च्या एका पत्रात हा शब्द येतो. पुढे जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्या भागात हिंडला. जुन्नरपर्यंत जाऊन आला. शिवरायांचा राज्याभिषेक झाला तो हाच काळ. त्याचं पुस्तक १६९८ मध्ये लंडनला निघालं. त्यात तो गोव्याकडच्या नेरूळच्या मद्याचा उल्लेख करतो आणि सांगतो, की त्यापासून करतात त्या पेयाचं नाव इथल्या 'पाच' या आकड्यावरून पडलं. काही भाषाअभ्यासकांना हे पटत नाही. त्यांच्या मते हा शब्द पिंपाच्या एका इंग्रजी नावावरून आला. वाद मिटलेला नाही. पण मद्य, साखर आणि मसाला एका भांड्यात घालायची रीत युरोपियनांना आशियाच्या किनाऱ्यांवर सापडली, एवढं दिसतं.

आता जिन्नस घ्या. साखर. इंग्रजी, फ्रेंच, अरबी, सगळ्यांचा साखरेचा शब्द आपल्या 'शर्करा'पर्यंत मागं जातो. उसाचा मूळ देश न्यू गिनी मानतात, पण रसाचे दाणे पाडायची विद्या भारतातली. तो ऊस पश्चिमेकडे सरकत सरकत १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर पोचला.

नारळ. कोलंबस गेला तेव्हा अटलांटिकच्या किनाऱ्यावर नारळ नव्हता. वास्को द गामाच्या सफरीनंतर पोर्तुगीजांनी तो हिंदी महासागरातून केप व्हर्दे बेटांवर नेला, आणि तिथून सोळाव्या शतकात तो पोर्तो रिकोला गेला. २०११ साली नारळाच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जगातल्या नारळांची दोन घराणी निघाली, एक पॅसिफिक महासागराचं, एक हिंदी महासागराचं. अटलांटिककडचे नारळ आपल्या घराण्यातले ठरले. म्हणजे लेकीच्या शेजारीणबाईंच्या पेल्यातला नारळ नात्यानं आपल्या कोकण-मलबारच्या नारळाचा चुलतभाऊ.

दालचिनी श्रीलंकेची. लवंग आणि जायफळ इंडोनेशियाच्या मूठभर बेटांवरचं.

आणि गाईचं डबाबंद आटीव दूध? त्याचं अमेरिकन पेटंट १८५६ चं. फ्रीज नसलेल्या उष्ण मुलखात ते टिकायचं, म्हणून घरोघर गेलं. पेल्यातला सगळ्यात नवा जिन्नस तोच. नातवासाठी लेकीनं नेमका तोच काढला. दुधावाचून हे पेय अपुरं होईल ही आमची भीती त्यामुळं फोल ठरली.

खरं सांगायचं तर या पेल्यात परका कोणी असेल तर तो मराठवाडाच. आपल्याकडे नारळ होत नाही. आपण नारळ देवापुढं फोडतो, सुकं खोबरं काळ्या मसाल्यात भाजून घालतो. ओल्या नारळाचं दूध हे कोकणचं, गोव्याचं, सोलकढीचं. आमच्या सौभाग्यवतींनी लग्नानंतर कितीतरी वर्षं ते काढलेलंच नव्हतं.

निमित्त कारण

इथपर्यंत कथा गोड आहे. 'सगळं जग एक, सगळं आपलंच' असं म्हणून टाळ्या घेऊन थांबता येईल. पण मग आपण अजून मातीच मोजतोय. कुंभार कुठं आहे?

रम कशी होते? उसाच्या रसातून साखर काढली की काळा, चिकट पाक उरतो. त्याला आपण मळी म्हणतो. ती आंबवून, गाळून रम. सतराव्या शतकाच्या मध्यावर बार्बाडोससारख्या बेटांवर हा धंदा उभा राहिला. ऊस लावायला, तोडायला, चरकात घालायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणली. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत कोंबलेल्या माणसांचा इतिहासकारांचा अंदाज सुमारे सव्वा कोटी आहे. त्यांतले लाखो वाटेतच मेले. रम मजुरांना पाजली जायची, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रम देऊन आणखी माणसं विकत घेतली जायची. पोर्तो रिकोत गुलामगिरी १८७३ मध्ये संपली. फार लांबची गोष्ट नाही. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला, आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलेली 'गुलामगिरी' छापली. त्यांना निमित्त कारण दिसलं होतं.

जायफळाचंही तेच. ज्या बांदा बेटांवर ते व्हायचं, तिथल्या लोकांची १६२१ मध्ये डच कंपनीनं कत्तल केली. जायफळाचा मक्ता हवा होता.

गुलामगिरी उठली, ऊस तर उभाच होता. मग मॉरिशसला १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. त्या 'अ‍ॅग्रीमेंट'चं आपल्या माणसांच्या तोंडी झालं 'गिरमिट'. त्यांत बिहारकडचे पुष्कळ, पण मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं मराठी म्हणून ओळखली जातात, गणेशचतुर्थीची तिथं सरकारी सुट्टी असते. आपण त्यांचा गणपती कौतुकानं दाखवतो. त्यांच्या हातातला कोयता दाखवत नाही.

आणि आता परत येऊ लातूरला. नाताळ कधी येतो? डिसेंबरात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम कधी असतो? दिवाळीच्या मागंपुढं सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे तिकडं ज्या आठवड्यात पेले भरले जातात, त्या आठवड्यात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतले ऊसतोड कामगार उघड्या रानात पालं ठोकून असतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माणसं दोन, मोजदाद एका हत्याराची. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. न फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा. कामात खाडा नको म्हणून बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचा प्रश्न इतका वाढला, की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गिरमिट आणि उचल एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही. कामगार आज मतदार आहे, त्याची संघटना आहे. पण दोन्हींची वीण सारखी आहे : आगाऊ पैसा, लांबचा मुलूख, आणि आधीच विकलेले हात.

आणि पाणी. थोडा हिशोब करू, ढोबळच. एक टन उसातून साधारण पंचेचाळीस किलो मळी निघते, आणि तेवढ्या मळीतून दहा लिटरच्या आसपास शुद्ध मद्यार्क. आपल्या कृतीतल्या एका क्वार्टरमागं सात-साडेसात किलो ऊस आला. पाटाच्या पाण्यावर हेक्टरी दोन कोटी लिटर पाणी आणि ऐंशी टन ऊस धरला, तर किलोला अडीचशे लिटर. म्हणजे क्वार्टरमागच्या उसाला साधारण अठराशे लिटर. हे सगळं पाणी रमच्या नावावर मांडणं अन्यायाचं होईल. तोच ऊस आधी साखर देतो, मळी मागून येते. चहातल्या साखरेलाही आपला वाटा उचलावा लागेल. तरी आकडा लक्षात ठेवा.

कारण १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही ते दिवस काढलेत. पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत टँकर आला की सेवानिवृत्त प्राध्यापकही बादली घेऊन पळायचे, आम्हीही पळालो. त्या पाच लाख लिटरला आपला आकडा लावला, तर पावणेतीनशे क्वार्टरमागच्या उसाचं ते पाणी होतं. एका लग्नसराईत त्याहून जास्त बाटल्या रिकाम्या होतात.

शिंदीची झाडं

आता सौभाग्यवतींच्या प्रश्नाकडे.

आमचे थोरले काका १९४७ मध्ये विशीत होते. हैदराबाद संस्थान भारतात सामील व्हावं म्हणून स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता. करोडगिरीची नाकी उठवणं, लेव्हीचं धान्य न देणं, आणि शिंदीची झाडं तोडणं हे त्या लढ्याचे भाग. शिंदीच्या झाडाला खाच पाडून रस काढतात, तो आंबला की दारू. निजामाच्या तिजोरीत अबकारीचा वाटा मोठा होता. झाड पडलं की तेवढा महसूल बुडाला. काकांनी गावच्या ओढ्याकाठची झाडं रात्रीतून तोडली होती. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, घरात ही गोष्ट दरवर्षी सांगितली जायची, आणि आम्हा पोरांना वाटायचं की काका दारूबंदीवाले होते.

आम्ही एम. ए. करत असताना एकदा त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आम्हाला दारूचा राग नव्हता रे. राग होता तो खजिन्याचा." मग बराच वेळ गप्प बसले. पुढे म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदी काढणाऱ्याची म्हातारी दारात आली. शिव्या नाही दिल्या तिनं. म्हणाली, मालक, झाड तुमच्या बांधावर होतं, पण पोट आमचं होतं. लढा बरोबर होता. पण तिला काय द्यायचं, हे आमच्यातल्या कुणीच ठरवलं नव्हतं."

श्रोतेहो, ही गोष्ट आम्ही पन्नास वर्षं जवळ ठेवली आणि १७ सप्टेंबरला कधी सांगितली नाही. हुतात्म्यांच्या दिवशी असलं काही सांगू नये असं वाटायचं. आज वाटतं, सांगायला हवी होती. काकांनी लढा नाकारला नाही, म्हातारीलाही नाकारलं नाही. दोन्ही शेवटपर्यंत मनात ठेवलं. शिंदीची कृती त्यांना ठाऊक होती, तिचा महसूल ठाऊक होता. त्या म्हातारीनं त्यांना निमित्त कारण दाखवलं.

त्या डिसेंबरात आम्ही ते पेय केलं. सौभाग्यवतींनी नारळ खवला, दूध पिळलं. रमच्या बाटलीला हात लावला नाही. नातवासोबत बिनरमचं घेतलं आणि जायफळ जास्त झालंय म्हणाल्या. ते खरंच होतं. लेकीनं आपल्या वहीत प्रमाण दुरुस्त केलं. तिला आम्ही हे सगळं सांगितलं, म्हातारीचं सुद्धा. ती म्हणाली, "बाबा, मग हे पिऊ नये असं म्हणताय का तुम्ही?"

तुमच्यातलेही काही जण हेच विचारणार, म्हणून उत्तर देऊन थांबतो. न पिण्यानं कोयता हलका होत नाही. चहा सोडूनही होत नाही. ज्या घरात दारूनं माणूस गेलाय, त्या घरानं बाटली उंबऱ्याबाहेरच ठेवावी. तिथं आमचं तत्त्वज्ञान चालत नाही. बाकीच्यांनी काय प्यावं, हे आम्ही सांगणार नाही. आमची मागणी एवढीच, की पेल्याची गोष्ट सांगताना नारळाच्या प्रवासापाशी थांबू नका. आणि ऊसतोड कामगारांच्या पालावर साखरशाळा चालते का, उचलीचा कागद कामगाराला मिळतो का, बाईची मजुरी बाईच्या हातात पडते का, हे आपापल्या तालुक्यात विचारा. कारखान्याच्या वार्षिक सभेत विचारता येतं. आपल्यातले कितीतरी जण सभासद आहेत. आम्हीही आहोत. गेल्या वर्षी आम्ही विचारलं. उत्तर मिळालं नाही. यंदा पुन्हा विचारणार आहोत.